घरच्या घरी बॉल जॉइंट बदलताना: आधी भार ओळखा, मग पाना हातात घ्या

हळू वेगात चाक खड्ड्यात उतरलं की पुढून ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी मागे घेताना करकर ऐकू येते. सरळ रस्त्यावरही गाडी जराशी भरकटते आणि हात सतत स्टिअरिंगवर दुरुस्ती करत राहतो. पुढच्या टायरची एकच कड, आतली किंवा बाहेरची, लवकर झिजत असेल तर बॉल जॉइंटवर संशय घ्यायला पुरेसं कारण आहे.

बॉल जॉइंट म्हणजे गाडीचा खुब्याचा सांधा. एका वाटीत पोलादी गोळा बसवलेला असतो आणि गोळ्याला एक दांडा असतो. वाटी सहसा लोअर आर्मला (चॅसीपासून चाकाकडे येणारा खालचा हात) आणि दांडा नकलला (चाक ज्यावर बसतं तो वळणारा धातूचा भाग) जोडलेला असतो. काही गाड्यांत हे उलट असतं. चाकाला वर-खाली उडू देणं आणि त्याच वेळी डावी-उजवीकडे वळू देणं, ही दोन्ही कामं तो एकाच जागी करतो. आतल्या ग्रीसवर रबराचा बूट असतो आणि जॉइंटचं सगळं आयुष्य त्या बुटावर अवलंबून असतं. बूट फाटला की पाणी आणि धूळ आत जाते, ग्रीसचं खरखरीत लुगदं होतं आणि तेच लुगदं वाटी घासायला लागतं. गाडीखाली वाकून बुटाच्या भेगेतून गंजाचा तांबूस ओघळ खाली आलेला दिसला, तर आवाज यायची वाट बघू नका.

झीज हाताबाहेर गेली की गोळा वाटीतून निसटतो. चाक बाहेर दुमडतं, गाडी त्या कोपऱ्यावर बसते आणि स्टिअरिंगचा ताबा जातो. जॉइंटमध्ये खेळ सापडल्यावर ‘पुढच्या सर्व्हिसला बघू’ म्हणणं म्हणूनच परवडत नाही.

हे काम घरी होतं. पण त्यात दोनच गोष्टी खऱ्या अर्थाने अवघड आहेत: स्प्रिंगचा भार कुठे आहे हे ओळखणं आणि गच्च बसलेला दांडा नकलमधून सोडवणं. बाकी सगळं नट-बोल्टचं काम आहे.

आधी भार ओळखा

आजच्या बहुतेक छोट्या आणि मध्यम गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. स्प्रिंग शॉकॲब्सॉर्बरभोवती गुंडाळलेली असते आणि तिचं वरचं टोक बॉनेटखालच्या माउंटिंगला टेकतं. अशा गाडीत प्रत्येक बाजूला सहसा एकच बॉल जॉइंट असतो, खालचा. गाडीचं वजन स्प्रिंगमधून थेट नकलवर उतरतं. जॉइंटवर वजन नसतं, त्याला फक्त वळणाचा आणि ब्रेकचा ताण सोसावा लागतो. हा जॉइंट सोडवला तरी स्प्रिंग उसळून बाहेर येत नाही, कारण ती स्ट्रटमध्येच अडकलेली आहे.

वर आणि खाली असे दोन आर्म असलेल्या गाड्यांचं तसं नाही. बऱ्याच जीप-पिकअप वर्गातल्या गाड्यांत स्प्रिंग किंवा टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी) खालच्या आर्मला जोडलेला असतो. तिथे गाडीचं वजन खालच्या बॉल जॉइंटमधून चाकावर जातं. हा जॉइंट आधार न देता सोडवला तर दाबलेली स्प्रिंग आर्मला खाली फेकते, आणि त्या जोरापुढे हात-पाय काहीच नाहीत. म्हणून अशा गाडीत लोअर आर्मखाली, जॉइंटच्या जितकं जवळ जमेल तितकं, जॅक लावायचा आणि काम संपेपर्यंत तो काढायचा नाही. काही गाड्यांत स्प्रिंग वरच्या आर्मवर बसते. तिथे वरचा जॉइंट भार घेतो आणि सगळी गणितं उलटी होतात.

आपल्या गाडीत काय आहे हे चाक काढून टॉर्च मारल्यावर लगेच दिसतं. स्प्रिंगचं खालचं टोक कशावर टेकलंय, एवढंच बघायचं.

खेळ तपासणं

तपासताना जॉइंटवरचा भार काढायला हवा, नाहीतर झिजलेला जॉइंटही दाबाखाली ठणठणीत वाटतो. मॅकफर्सनवाली गाडी चॅसीखालून उचलायची म्हणजे चाक लोंबतं राहतं. स्प्रिंग खालच्या आर्मवर असेल तर जॅक त्या आर्मखालीच हवा.

आता चाक घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून आत-बाहेर हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्या कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर दोष व्हील बेअरिंगचा असण्याची शक्यता जास्त. तरीही हलत असेल तर नजर जॉइंटवर ठेवा. ३ आणि ९ च्या जागी धरून हलवल्यावर खेळ आला तर तो बहुधा टाय रॉड एंडचा (स्टिअरिंगच्या दांडीचा नकलकडचा सांधा) असतो. मग छोटी पहार आर्म आणि नकलच्या फटीत घालून हळूच उचला. दांडा वाटीत वर-खाली सरकताना दिसला की निकाल लागला. टायरखाली पहार घालून उचलली तरी हेच कळतं. भार न घेणाऱ्या जॉइंटमध्ये डोळ्यांना दिसण्याइतका खेळ चालतच नाही. भार घेणाऱ्यात काही कंपन्या मिलिमीटरच्या अंशांची मर्यादा देतात, ती सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते.

काही जुन्या अमेरिकी गाड्यांच्या जॉइंटमध्ये झीज दाखवणारी सोय असते. ग्रीस निपलची (ग्रीस भरायचं तोंड) बैठक नवीन असताना तळापासून सुमारे १.३ मिलिमीटर बाहेर आलेली असते आणि झीज होत गेली की आत ओढली जाते. ती तळाशी समतल झाली की जॉइंट संपला. ही तपासणी मात्र गाडी जमिनीवर, चाकांवर उभी असतानाच करायची.

आपल्या गाडीतला प्रकार आणि नवा भाग

जॉइंट आर्मला कसा जोडला आहे हे भाग आणण्याआधी बघून घ्या. तो दोन-तीन बोल्टांनी किंवा रिव्हेटांनी बसवलेला असेल, आर्मच्या भोकात दाबून बसवून सर्क्लिपने (खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी कडी) अडकवलेला असेल, किंवा आर्मचाच अखंड भाग असेल. अखंड असेल तर पूर्ण आर्म बदलायचा. हा खर्चिक वाटतो, पण माझ्या मते घरच्या कामात तोच सोपा मार्ग आहे: प्रेस लागत नाही, शिवाय आर्म चॅसीला जोडतात तिथल्या जुन्या रबरी बुशही त्याबरोबर जातात. दाबून बसवलेल्या जॉइंटच्या गाडीतही कंपनी तयार आर्म देत असेल आणि बुशना भेगा पडल्या असतील, तर मी आर्मच आणेन.

जॉइंट नकलमध्येच दाबून बसवलेला असेल तर नकल उतरवावी लागते, त्यात एक्सल आणि बेअरिंगही गुंततात. एवढं असेल तर नकल काढून वर्कशॉपमध्ये प्रेसवर नेणंच शहाणपणाचं.

नवा भाग आला की जुन्याशेजारी ठेवून पाहा. दांड्याची जाडी, त्याचा निमुळतेपणा, बोल्टच्या भोकांमधलं अंतर, डाव्या-उजव्याची खूण. एखाद्या वर्षाच्या मॉडेलमध्ये मध्येच बदललेला भाग ऐन वेळी डोकं फिरवतो. दोन्ही बाजू एकत्र बदलाव्यात असा नियम नाही, पण एका बाजूचा वयामुळे गेला असेल तर दुसराही फार मागे नसतो.

हत्यारं

जॅक, दोन मजबूत घोडी (जॅक स्टँड), चाकांना अडसर म्हणून लावायला उटी, चांगल्या लांबीचा टॉमी (सॉकेट फिरवायचा दांडा), सॉकेटचा संच, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराइतकंच कसायचा पाना), दीड-दोन किलोचा हातोडा, पहार, छिन्नी, तारेचा ब्रश, गंज सोडवणारं तेल आणि डोळ्यांवर गॉगल. शिवाय बॉल जॉइंट सोडवायचा स्क्रूवाला पुलर. पिकल फोर्क नावाचा दोन दातांचा पाचरीसारखा काटा स्वस्त मिळतो आणि झटपट काम करतो, पण तो रबरी बूट हमखास फाडतो. जॉइंट फेकूनच द्यायचा असेल तर वापरा. शेजारच्या धडक्या टाय रॉड एंडवर चुकूनही लावू नका. दाबून बसवलेल्या जॉइंटला सी-क्लॅम्पसारखा प्रेस आणि योग्य मापाच्या वाट्या लागतात. बऱ्याच ठिकाणी हा संच भाड्याने मिळतो. नवी स्प्लिट पिन (नट फिरू न देणारी दुमडायची पिन), नवा नट आणि पिंच बोल्ट (दांडा आवळून धरणारा आडवा बोल्ट) असेल तर तोही नवाच.

उचलणं आणि उघडणं

आदल्या रात्री नट, बोल्ट आणि जोडाच्या फटीत तेल सोडून ठेवा. उद्या घाम कमी गाळावा लागेल.

गाडी सपाट, कडक जमिनीवर हवी. माती किंवा ऊन लागून मऊ झालेल्या डांबरावर घोडी रुतते. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना उटी लावा आणि गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट अर्धा फेरा सैल करा. मग पुढचा भाग उचलून दोन्ही बाजूंना चॅसीच्या ठरलेल्या जागांखाली घोडी लावा आणि गाडी त्यांच्यावर हळूच बसवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. काढलेलं चाक गाडीच्या दाराच्या उंबऱ्याखाली आडवं सरकवून ठेवा, घोडी हललीच तर ते कामी येतं.

दोन्ही बाजू एकदम उचलायचं आणखी एक कारण आहे. एकच बाजू उचलली की अँटीरोल बारला (डाव्या-उजव्या बाजूंना जोडणारी दांडी) पीळ बसतो आणि तो आर्म खाली यायलाच देत नाही. दोन्ही उचलूनही आर्म हट्ट करत असेल तर बारची लिंक सोडवा, लगेच मोकळं वाटतं.

चाक काढल्यावर ब्रेक होज आणि एबीएसची वायर नकलवर कुठे अडकवली आहे ते बघा आणि त्यांच्या क्लिपा सोडवा. नकल झुकली की तार ताणली जाऊन तुटू नये. हेडलाइटच्या उंचीचा सेन्सर आर्मला जोडलेला असेल तर त्याची छोटी दांडीही काढा. पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत नकल बाहेर फार ओढू नका, एक्सलचा आतला जॉइंट निसटू शकतो. नकल तारेने स्ट्रटला बांधून ठेवली की हा प्रश्नच येत नाही.

दांडा सोडवणं

कामाचा अर्धा वेळ इथेच जातो.

दांडा निमुळता असेल तर त्यावर कासल नट (कडेला खाचा असलेला नट) आणि स्प्लिट पिन असते. पिन सरळ करून ओढून काढा. नट पूर्ण काढू नका. दांड्याच्या टोकाशी समतल होईल इतकाच सैल करा. दांडा सुटल्यावर आर्म झटकन खाली पडत नाही आणि चुकून हातोडा टोकावर बसला तर आटे वाचतात. नवीन मेकॅनिक बहुतेक वेळा दांड्याच्या टोकावरच हाणतात. त्याने काही सुटत नाही, उलट टोक फुलतं.

निमुळता दांडा भोकात पाचरीसारखा रुतलेला असतो. त्याला ताकद लावून ओढण्यापेक्षा भोकाच्या कडेला धक्का देणं जास्त उपयोगी पडतं. पुलर लावून स्क्रू कसा, म्हणजे दांड्यावर सतत ताण राहील. मग नकलच्या त्या कानावर, जिथे दांडा जातो त्याच्या बाजूने, हातोड्याचा एकच सणसणीत तडाखा द्या. कान क्षणभर किंचित वाकडा होतो आणि दांडा ‘फट्’ असा बंदुकीसारखा आवाज करून सुटतो. पहिल्यांदा ऐकणारा दचकतोच. दहा हलक्या ठोक्यांपेक्षा एक जोरदार तडाखा बरा. पुलरचा स्क्रू कसायचा, एक तडाखा, पुन्हा थोडं कसायचं, असा क्रम ठेवा. नकल ॲल्युमिनियमची असेल तर हातोड्याचा हात आवरा आणि पुलरवरच जास्त भरवसा ठेवा.

ज्योतीने तापवायचा मोह इथे फार होतो. बूट, बेअरिंगचं सील, एबीएस सेन्सर, आर्मच्या बुश, सगळं शेजारीच असतं. ॲल्युमिनियमच्या भागाची ताकदही उष्णतेने घटते. घरी ज्योत नको.

दांडा सरळ असेल तर तो नकलच्या फटीत असतो आणि आडवा पिंच बोल्ट त्याला दाबून धरतो. बोल्ट दांड्यावरच्या खाचेतून जातो, म्हणून नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. गंजलेल्या गाडीत हा बोल्ट सगळ्यात मोठी डोकेदुखी आहे. त्याला एकाच दिशेने जोर लावू नका. थोडा सैल, थोडा कसा, पुन्हा थोडा सैल, मध्येच तेल. आटे नकलमध्ये नसून वेगळा नट असेल तर आधी नट काढा, बोल्टाचं डोकं पान्याने फिरवा आणि मग पितळी ड्रिफ्टने (ठोकायच्या दांडीने) मागून हलके ठोके द्या. बोल्ट रबरासारखा पिळतोय असं हाताला जाणवलं तर थांबा. तो तुटायच्या बेतात असतो. आत तुटलेला बोल्ट ड्रिल करून काढायचं काम उभ्या गाडीखाली वाकून नीट होत नाही, नकल काढून वर्कशॉपमध्ये दिलेली बरी. बोल्ट निघाल्यावर फटीत छिन्नी घालून ती केसभर उघडा आणि पहारेने आर्म खाली दाबा.

एक इशारा पुन्हा: स्प्रिंग खालच्या आर्मवर असेल तर हे सगळं करताना आर्मखालचा जॅक जागेवरच राहायला हवा. दांडा सुटल्यावर हा जॅक हळूहळू खाली घेऊन स्प्रिंगचा जोर काढायचा, एकदम सोडायचा नाही.

जुना जॉइंट काढून नवा बसवणं

बोल्टवाला सरळ निघतो. रिव्हेटवाल्याला रिव्हेटच्या डोक्याच्या मध्यावर पंचने खूण करा, आधी बारीक आणि मग जाड ड्रिल चालवा, डोकं छिन्नीने उडवा आणि उरलेला दांडा ठोकून बाहेर काढा. आर्मचं भोक मोठं होणार नाही याची काळजी घ्या. नव्या जॉइंटबरोबर सहसा बोल्ट येतात, त्यांना तेच भोक पुरतं.

दाबून बसवलेल्याची सर्क्लिप आधी काढा आणि मग प्रेसच्या वाट्या अशा लावा की खालची वाटी आर्मला टेकेल आणि जॉइंट तिच्या पोकळीत उतरेल. निघाल्यावर भोक तारेच्या ब्रशने चकचकीत करा. नवा जॉइंट हाताने सहज आत गेला तर आर्म बाद समजा. भोक मोठं झालंय, आणि वेल्डिंगचा टाका हा त्यावरचा उपाय नाही. तो घट्ट बसत असेल तर प्रेसची वाटी जॉइंटच्या बाहेरच्या कडेवरच टेकवा. मधल्या झाकणावर दाब दिला तर आतली वाटी खचते आणि नवा जॉइंट पहिल्याच दिवशी खराब होतो. सुरुवात सरळ रेषेत हवी. तिरका जातोय असं वाटलं की मागे घ्या. सर्क्लिप बसवल्यावर ती पक्कडीने खाचेत फिरवून पाहा. मोकळी फिरली तर पूर्ण बसली आहे.

दांडा आणि नकलचं भोक दोन्ही कोरड्या फडक्याने पुसा. निमुळत्या दांड्याला तेल-ग्रीस लावायचं नाही. तो घर्षणावरच धरून राहतो. बूट पिळला नाही ना, हे बघून दांडा आत सरकवा आणि नट लावा. नट फिरवताना दांडाच फिरायला लागला तर आर्मखाली जॅक लावून थोडा वर दाबा, निमुळता भाग घट्ट बसला की थांबेल. काही दांड्यांच्या टोकाला ॲलन कीचं भोक असतं, तिथे की धरूनही चालतं.

टॉर्कचा आकडा गाडीगणिक वेगळा असतो, तो मॅन्युअलमधूनच घ्या. कासल नटमध्ये ठरलेल्या टॉर्कला पोहोचल्यावर पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढच्या खाचेपर्यंत आणखी कसा. मागे सैल करून जुळवायचं नाही. मग नवी पिन घालून तिचे पाय दुमडा. पिंच बोल्टच्या प्रकारात बोल्ट दांड्याच्या खाचेतूनच गेलाय ना, हे पाहून घ्या. जॉइंटला ग्रीस निपल असेल तर बूट जरा फुगेपर्यंत ग्रीस भरा. फुग्यासारखा तट्ट फुगवला तर तोच फाटतो.

पूर्ण आर्म बदलला असेल तर आणखी एक नियम लागू होतो. बुशचे बोल्ट गाडी घोडीवर असताना पूर्ण कसू नका. रबर त्या लोंबत्या स्थितीत पकडलं जातं आणि गाडी खाली आल्यावर कायम पीळ खात राहून लवकर फाटतं. आर्मखाली जॅक लावून, गाडी चाकांवर उभी असताना आर्म जितका वर असतो तितका उचला आणि मगच शेवटचा टॉर्क द्या.

खाली उतरवल्यावर

चाक लावण्याआधी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि होज, वायर कुठे घासत किंवा ताणत नाहीत ना ते बघा. लिंक सोडवली असेल तर ती जोडा. गाडी खाली घेऊन चाकाचे नट ताऱ्याच्या क्रमाने कसा. बऱ्याच छोट्या गाड्यांत हा टॉर्क ९० ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, पण तुमच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम. आधी मोकळ्या जागेत हळू वेगात फेरी मारा, दोन-तीनदा ब्रेक दाबा, दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा तपासा.

व्हील अलाइनमेंट करून घ्याच. आर्म बदलला असेल किंवा बोल्टवाल्या जॉइंटची भोकं लांबट असतील तर टो (चाकं पुढून आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) आणि कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर झुकाव) दोन्ही बदललेले असू शकतात, आणि नव्या जॉइंटसकट टायर पुन्हा एका कडेने झिजायला लागतो.

आवाज तरीही उरला असेल तर अँटीरोल बारची लिंक आणि तिच्या बुश, स्ट्रटचं वरचं माउंटिंग, आर्मच्या मागच्या बुश या क्रमाने तपासा. लिंक तर हाताने हलवूनही कळते: चाक काढा, लिंक मुठीत धरा आणि जोराने झटका द्या. तोच ‘टक्’ हाताखाली आला तर तुमचा पुढचा भाग ठरला.